चाळीसगावचे टेबल

धुळ्याहून चाळीसगावला जाणारा रेल्वेचा फाटा साठ किलोमीटरांच्या आतला आहे. या फाट्याच्या दोन टोकांना दोन एकांड्या माणसांच्या खुणा आहेत. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आहे. 31 डिसेंबर 1926 रोजी राजवाडे याच गावात वारले आणि त्यांच्यामागे उरलेल्या कागदपत्रांच्या जपणुकीसाठी हे मंडळ उभे राहिले. चाळीसगावात, स्टेशनापासून पायी जाण्याच्या अंतरावर, छायाचित्रकार केकी मूस यांचे घर आहे. मूस वारले तेही 31 डिसेंबरलाच, 1989 साली. तारखांचा हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण राजवाड्यांनी इतिहासाकडे पाहण्याची जी रीत घालून दिली ती बरोबर घेऊन मूस यांच्या घरात शिरले, तर तिथे काय दिसते आणि काय दिसायचे राहून जाते, हे तपासण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

राजवाड्यांची रीत थोडक्यात अशी. 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. वाईला सापडलेली पत्रे त्यात होती. त्याच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी बखरी आणि अस्सल पत्रे यांची तुलना करून बखरींवर कठोर टीका केली. बखर घटनेनंतर पुष्कळ काळाने लिहिली जाते, ऐकीव गोष्टींवर उभी असते आणि ऐकणाऱ्याला काय आवडेल याचे भान ठेवते. पत्र लिहिणाऱ्याला आपण इतिहास लिहीत आहोत हे ठाऊकही नसते. त्याला दाणावैरणीची, उधारीची, उद्याच्या मुक्कामाची काळजी असते. म्हणून पत्रावर भरवसा अधिक. बखर टाकून द्यावी असा याचा अर्थ नव्हे. तिने काय सांगितले आणि काय गाळले हे पत्राशी ताडून पाहावे, इतकेच.

आता मूस यांच्या घराकडे वळू.

कलावंताची कार्यशाळा पाहायला जाणे हा अलीकडे पर्यटनाचा एक प्रकारच झाला आहे. जगभरचे लोक कॅलिफोर्नियात डिस्नेच्या नावाने उभे राहिलेले विश्व पाहायला जातात. तोक्योजवळच्या मिताका येथे 2001 साली उघडलेले घिब्ली संग्रहालय पाहायला जातात. मराठी कुटुंबांतली मुलेही आता ही नावे घरातल्यांसारखी घेतात. खानदेशात असा ॲनिमेशनचा कारखाना कधी नव्हता. मात्र ॲनिमेशनची जी मूळ सामग्री, म्हणजे एक टेबल, त्यावर रचलेले छोटे जग, हवा तिथून आणलेला प्रकाश आणि एकाच चौकटीवर खर्चलेला वेळ, ती सगळी चाळीसगावच्या या एका घरात होती. म्हणून खानदेशापुरते बोलायचे तर त्या कारखान्यांचा सर्वांत जवळचा नातलग हेच घर आहे.

केकी मूस यांचे पूर्ण नाव कैखुश्रू माणेकजी मूस. 1912 साली मुंबईत एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कुटुंबाचा व्यवसाय चाळीसगावात होता. 1930 च्या दशकात ते विलायतेला गेले, कलेचे शिक्षण घेतले, परत येऊन चाळीसगावात राहिले आणि नंतरची सुमारे पन्नास वर्षे घराबाहेर क्वचितच पडले. घराला त्यांनी रेम्ब्रांटचे नाव दिले होते. व्यक्तिचित्रे, शिल्पे, कागदाच्या घड्या घालून केलेल्या आकृती, सतार अशा अनेक गोष्टींत त्यांना गती होती. पण देशापरदेशांतल्या छायाचित्रांच्या प्रदर्शनांत त्यांचे नाव झाले ते विशेषकरून ‘टेबलटॉप’ छायाचित्रांमुळे.

घर पाहून आलेल्या कोणालाही ‘काय पाहिले?’ म्हणून विचारावे. दहांतले नऊ जण नीलोफरची गोष्ट सांगतात. तरुण केकींचे मुंबईतल्या एका मुलीवर प्रेम होते; निरोप घेताना तिने, एक दिवस पंजाब मेलने चाळीसगावला येईन, असे वचन दिले; मग केकी जन्मभर त्या गाडीच्या वेळेला दार उघडे ठेवत, दिवे लावत आणि दोन माणसांचे ताट मांडत. गोष्ट सांगणारा शेवटाला आवाज खाली आणतो, ऐकणारे गप्प होतात आणि मग सगळे बाहेर येऊन चप्पल घालतात. ही गोष्ट खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. घरात वर्षानुवर्षे ये-जा असलेल्यांनी ती सांगितली आहे आणि माणसाच्या एकांताला काही ना काही कारण असतेच. पण ही बखर आहे. तिच्यात केकी मूस दिवसभर काय करत होते याविषयी एक अक्षर नाही. मेल दिवसातून एकदाच यायची. उरलेले तेवीस तास हा माणूस काम करत होता.

खानदेशाच्या परिसरात कलावंताच्या कामावर त्याच्या प्रेमाने मात करावी, असे पूर्वीही एकदा झाले आहे. मेजर रॉबर्ट गिल हा मद्रासच्या लष्करातला अधिकारी. 1844 साली त्याच्यावर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम सोपवण्यात आले. पुढची कितीतरी वर्षे तो तिथेच राहिला. त्याने मोठमोठ्या कापडांवर तेलरंगात केलेल्या नकला विलायतेला गेल्या आणि 1866 साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. गिलने कॅमेराही हाती घेतला होता. 1864 साली जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांचे पुस्तक निघाले. 1879 साली तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. एवढे सगळे असूनही जळगावहून अजिंठ्याला जाणाऱ्या गाडीत गिलचे नाव निघाले की पाठोपाठ पारोचे नाव निघते आणि बोलणे तिथेच थांबते. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घ काव्याने पारोला मराठीत अढळ जागा दिली, ते योग्यच झाले. कवीचे ते कामच आहे. पण अंधाऱ्या लेण्यात प्रकाश कसा आणायचा, भिंतीवरचा उडालेला रंग कापडावर कसा धरायचा, या गिलच्या रोजच्या अडचणी कोणाच्या तोंडी आल्या नाहीत. नकला जळाल्या आणि कामाची आठवणही त्यांच्याबरोबर विरली.

मूस यांच्या बाबतीत आग लागलेली नाही. चित्रे आहेत, घर आहे. तरी कामाची आठवण विरू शकते, कारण ते काम नेमके काय होते हे सांगणारी भाषाच आपल्याकडे कमी आहे. ते जरा सविस्तर पाहू.

टेबलटॉप छायाचित्रण म्हणजे टेबलाच्या फळीवर हाती येतील त्या वस्तूंनी एखादे दृश्य उभे करायचे आणि ते असे टिपायचे की पाहणाऱ्याला खऱ्या निसर्गाचा, खऱ्या गावाचा, खऱ्या प्रसंगाचा भास व्हावा. या शैलीत मीठ किंवा पीठ पसरून बर्फ होतो, कापसाचे ढग होतात, काचेच्या तुकड्याचे तळे होते, वाळलेल्या काटकीचे झाड होते. ऐकायला हा पोरखेळ वाटतो. करायला गेले की कळते की सगळी अडचण आकारमानाची आहे. वस्तू जितकी जवळ तितका भिंगात स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद. समोरची काटकी रेखीव आली तर मागचा डोंगर पुसट होतो आणि डोळा लगेच ओळखतो की हा डोंगर वीतभर आहे. उपाय एकच, भिंगाचे छिद्र लहान करायचे. छिद्र लहान केले की प्रकाश कमी येतो, म्हणून झाकण जास्त वेळ उघडे ठेवावे लागते. तेवढा वेळ टेबलावरचे काही हलता कामा नये. दिव्याचेही तसेच. खऱ्या रानात सूर्य एकच असतो, सावल्या एकाच दिशेला पडतात. टेबलावर दोन दिवे लावले आणि दोन सावल्या पडल्या की सोंग उघडे पडते. घराला रेम्ब्रांटचे नाव देणाऱ्या माणसाने एका बाजूने येणाऱ्या प्रकाशाचा विचार किती केला असेल, हे वेगळे सांगायला नको.

इथून ॲनिमेशन किती जवळ आहे हे पाहायचे तर दादासाहेब फाळक्यांकडे जावे लागते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, 1912 साली, फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि ठरावीक अंतराने त्याची एकेक चौकट घेत राहिले. पडद्यावर तो दाणा पाहता पाहता कोंभ काढून वर आला. ‘अंकुराची वाढ’ हे या लघुपटाचे नाव. भांडवल देणाऱ्याची खात्री पटवायला तो उपयोगी पडला. 1915 साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. त्याआधी फ्रान्समध्ये एमिल कोलने 1908 साली काड्यापेटीतल्या काड्या पडद्यावर चालवल्या होत्या. फाळक्यांनीही टेबलावर काड्या मांडल्या; एक चौकट घ्यायची, काडी किंचित सरकवायची, पुन्हा एक चौकट. मूकपटाच्या काळी सेकंदाला सुमारे 16 चौकटी धरत. म्हणजे एका मिनिटासाठी 960 वेळा हात टेबलापर्यंत न्यायचा आणि मागे घ्यायचा. पुढे बोलपट आल्यावर सेकंदाला 24 चौकटी ठरल्या आणि मिनिटाचा हिशेब 1440 वर गेला.

फाळक्यांचे टेबल आणि मूस यांचे टेबल यांत फरक एवढाच की फाळके काडी सरकवून पुढची चौकट घेत, मूस पहिल्याच चौकटीवर थांबत. बाकीची विद्या एक. लहानाला मोठे भासवणे, सावली सांभाळणे, टेबलाला धक्का न लागू देणे, हे दोघांनाही करावे लागे. मूस यांना चलत्चित्र करायचे होते आणि जमले नाही, असा तर्क मी लढवीत नाही. त्याला आधार नाही आणि एका चौकटीत सगळे सांगणे ही स्वतंत्र कला आहे. मुद्दा इतकाच की त्यांचे काम एका मोठ्या कुळातले आहे. ते त्या कुळाच्या वंशावळीत मांडले तर नीट समजते. नुसते विरहकथेच्या कोनाड्यात ठेवले तर समजत नाही.

कार्यशाळा परक्याला दाखवायची कशी, या प्रश्नाचे एक जुने मराठी उत्तरही फाळक्यांकडेच सापडते. 1917 साली त्यांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक लघुपट केला. त्याचा उरलेला भाग आज पाहता येतो. त्यात फाळके स्वतः नटांना सूचना देताना दिसतात, फिल्म हातात धरून तपासताना दिसतात, कामावरची माणसे दिसतात. त्याच सुमारास ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटाविषयी लेखमाला लिहिली आणि आपल्या खटपटींची हकीकत सांगितली. देव आणि राक्षस पडद्यावर आणणाऱ्या माणसाला, जादू कशी केली हे सांगितल्याने जादू कमी होईल, अशी भीती वाटली नाही. प्रेक्षकाला घरात बोलावून त्याने थेट स्वयंपाकघर दाखवले.

याच्या शेजारी डिस्नेचे उदाहरण ठेवावे. 1941 साली त्या कंपनीने ‘द रिलक्टंट ड्रॅगन’ नावाचा चित्रपट काढला. त्याचा मोठा भाग म्हणजे स्टुडिओची सहलच आहे. रॉबर्ट बेंचली हा विनोदी लेखक चुकत माकत एका दालनातून दुसऱ्यात जातो. आवाज कसे काढतात, रंग कसे घोटतात, कॅमेऱ्याखाली चित्र कसे सरकते हे पाहतो. सगळीकडे हसरे चेहरे आहेत. त्यांतले बरेच चेहरे प्रत्यक्षात पगारी नटांचे होते. आणि 1941 च्या जूनमध्ये हा चित्रपट लोकांसमोर आला तेव्हा खऱ्या चित्रकारांतले शेकडो जण संपावर होते. मेच्या अखेरीस सुरू झालेला तो संप वेतन, श्रेयनामावली आणि संघटनेच्या हक्कासाठी होता. आत पडद्यावर हसणारा चित्रकार, बाहेर फाटकावर फलक घेऊन उभा असलेला चित्रकार. मार्गदर्शकाबरोबर केलेली सहल काय लपवू शकते याचे याहून नेमके उदाहरण मला ठाऊक नाही.

मिताकाच्या संग्रहालयात तिसरी तऱ्हा दिसते. तिथे चित्रपटाचा जन्म कसा होतो हे दाखवण्यासाठी काही खोल्या मुद्दाम चित्रकाराच्या खोल्यांसारख्या मांडल्या आहेत. टेबल, पेन्सिली, रंग, पुस्तकांचे ढीग, भिंतीवर चिकटवलेली रेखाटने. माणूस नुकताच उठून बाहेर गेला असावा असे वाटते. आत फोटो काढायला परवानगी नाही, त्यामुळे पाहणाऱ्याला डोळ्यांनीच पाहावे लागते. त्या मांडणीत चित्रकाराच्या खासगी आयुष्याला जागा नाही. टेबल हाच नायक.

आपल्याकडेही सरकारी पातळीवर ॲनिमेशनची कार्यशाळा उभी राहिली. 1948 साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये 1956 च्या सुमारास मुंबईत कार्टून विभाग सुरू झाला. तिथल्या तरुणांना शिकवायला क्लेअर वीक्स आले. ते डिस्नेकडे काम केलेले, आणि बालपण भारतात घालवलेले. 1957 साली या विभागाने ‘द बनियन डीअर’ हा लघुपट केला. कथा जातकातली: गाभण हरिणीचा जीव वाचवण्यासाठी हरणांचा राजा स्वतःची मान पुढे करतो. ज्या जातककथांच्या जगाला अजिंठ्याच्या चित्रकारांनी भिंतींवर उतरवले, त्याच जगातली ही गोष्ट मुंबईतल्या मुलांनी पारदर्शक पत्र्यांवर हलती केली. राम मोहन याच विभागात तयार झाले. पुढे प्रमोद पती यांनी प्रागला यिरी त्रंका यांच्याकडे बाहुलीपटाचे शिक्षण घेतले. त्रंका यांचे काम म्हणजे टेबलावर उभ्या केलेल्या बाहुल्या आणि त्यांच्यावर सोडलेला दिवा. मूस यांचे टेबल प्रागच्या त्या टेबलाचे सख्खे भावंड शोभले असते.

1956 ते 1989 या तेहेतीस वर्षांत मुंबईचा कार्टून विभाग आणि चाळीसगावचे घर एकाच वेळी चालू होते. दोन्हींमध्ये रेल्वेची एक रात्रही नव्हती. मुंबईत अनेक हात होते: एकजण मुख्य रेखाटने करी, दुसरा मधली भरी, तिसरा रंग लावी, चौथा कॅमेरा चालवी. दहा मिनिटांच्या चित्रपटाला 14,400 चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी 7,200 चित्रे. एका माणसाचे हे काम नाही. सरकारी पगार, कच्ची फिल्म, उंच बसवलेला कॅमेरा यांखेरीज ते होत नाही. चाळीसगावात एकच माणूस होता. त्याला परवडणारी आणि स्वतःच्या हाताने शेवटास नेता येणारी कला एका चौकटीचीच होती. ती त्याने निवडली आणि देशोदेशीच्या स्पर्धांत मान मिळवला. त्याच्या एकांताचे थोडेफार उत्तर मला या हिशेबातही दिसते. दृश्य मांडून दिवा लावलेला असताना टेबलाजवळ दुसऱ्याचे पाऊल नको असते. दार लावून घेण्याची सवय प्रेमातून लागली असेल, कामातूनही लागली असेल. बखर पहिले कारण सांगते. दुसऱ्याची चौकशी झाली पाहिजे.

ही चौकशी करायला फार वेळ उरलेला नाही. मूस यांना जाऊन पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यांना विशीत पाहिलेली माणसे आता पन्नाशी ओलांडून पुढे गेली आहेत. त्यांच्यापुढे प्रकाशाची वाट पाहत बसलेल्या वृद्धांपैकी, फोटोला बसलेल्या मुलांपैकी, घरात सामान पोचवणाऱ्या दुकानदारांपैकी जे हयात असतील त्यांना नीलोफरविषयी पुष्कळांनी विचारले असेल. टेबल कुठल्या खोलीत होते, खिडकी कोणत्या दिशेला, दिवा कुठला, मीठ किती लागायचे, एका चित्राला किती दिवस जायचे, फसलेली चित्रे ते फाडत की ठेवत, हे प्रश्न विचारायला हवेत. दाणावैरणीचा आणि उधारीचा उल्लेख असलेली पत्रे राजवाडे गावोगाव फिरून गोळा करत, कारण लढाई खरी कशी झाली ते त्यांतून कळे. दुकानदाराच्या वहीत एका पारशी गृहस्थाच्या नावावर वाजवीपेक्षा जास्त पीठ आणि कापूस मांडलेला सापडला, तर तो कलेच्या इतिहासातला अस्सल कागद ठरेल.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या शाळांच्या सहली चाळीसगावला जातात. पाटणादेवी, पितळखोरे आणि जमल्यास मूस यांचे घर, असा त्यांचा क्रम असतो. शिक्षकांना माझे एवढेच सांगणे आहे की नीलोफरची गोष्ट मुलांना जरूर ऐकू द्या. तिने मुले खोलीत शांत उभी राहतात, तेही थोडे नाही. मग एखाद्या टेबलटॉप छायाचित्रासमोर त्यांना थांबवा आणि विचारा, हे केवढे असेल? उजेड कुठून येतो आहे? हे झाड कशाचे? मुले चुकतील, भांडतील, नाक काचेला लावून पाहतील. शाळेत परतल्यावर एका बाकावर मूठभर मीठ, दोन काटक्या, एक विजेरी आणि कोणाच्या तरी आईचा फोन एवढे पुरे आहे. पहिला फोटो मूस यांच्या पद्धतीने, एकच. मग काटकी बोटभर सरकवून दुसरा, फाळक्यांच्या पद्धतीने.

पंधराव्या-सोळाव्या फोटोला कोणाचा तरी हात बाकाला लागेल आणि सगळा डोंगर ढासळेल. त्या घरात पन्नास वर्षे काय चालले होते, हे मुलांना तेव्हा कळायला लागेल.